कार्पेटाखालचा पत्रा

प्रिय ओंकार,

तू पाठवलेले कार्पेटचे नमुने पाहिले. मरून छान आहे, करडाही वाईट नाही. रंगाचं मात्र शेवटी बोलू. मॅटिंगवाला तुला म्हणालाय की जुन्या कार्पेटवरूनच फोमचं मॅट एका दुपारात बसवून देतो, गाडी आतून नवी दिसेल. तसं करू नकोस. एवढं फोनवरही सांगता आलं असतं, पण तसं का म्हणते ते समजावून सांगायला जागा हवी. शिवाय आजोबांची, वडिलांची जुनी गाडी हौसेने चालती ठेवणारी तुझ्यासारखी मुलं-मुली आता बरीच दिसतात. त्यांच्याही हाती पडावं म्हणून पत्र छापायला दिलंय.

आपल्या आण्णांच्या जुन्या पद्मिनीत ड्रायव्हरच्या बाजूला, ॲक्सिलरेटरच्या खाली, कार्पेटला रुपयाएवढं भोक आहे. आण्णांची उजवी टाच तिथे टेकायची. आधी तिथली लव गेली, मग विणीचे दोरे उघडे पडले, मग खालचा नमदा झिजला, आणि आता बोट घातलं तर ते थेट पत्र्याला लागतं. गेल्या उन्हाळ्यात चिपळूणला आले होते तेव्हा मी बोट घालून पाहिलं. बोटाला तांबूस भुकटी लागली आणि ती ओलसर होती. भर मे महिन्यात, छपरीत उभ्या असलेल्या गाडीत ओल! तेव्हापासून माझ्या मनात कार्पेटपेक्षा त्याखालचा पत्राच घोळतोय.

जीपला खाली स्वतंत्र चासी असते, वरची बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली. तिचा तळ कुजला तरी गाडीचा कणा शाबूत राहतो. आपल्या पद्मिनीचं तसं नाही. इटलीत 1953 साली आलेल्या फियाट 1100 च्या घराण्यातली ही गाडी. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. आपल्याकडे लोक जिला डुक्कर फियाट म्हणायचे, तीही याच घराण्यातली. या गाड्यांना वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, मधला उंचवटा आणि दारांखालच्या दोन पोकळ पेट्या, म्हणजे सिल, हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं असतं आणि गाडीचा भार तेच पेलतं. सीट ज्या पत्र्यावर बोल्टाने आवळलेली आहे, तोच गंजला तर जोरात ब्रेक लागल्यावर सीट कशाला धरून राहणार? सायलेन्सरचा पाइपही तळाखालूनच मागे जातो. तो कुठे फुटला आणि वर पत्र्याला भोक असलं, की धूर गाडीत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे डोकं जड होईपर्यंत कळतही नाही. तू मागच्या सीटवर सईला बसवून फिरणार आहेस, म्हणून हे इतकं स्पष्ट लिहितेय.

ओल आली कुठून, याचं निम्मं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आपली गाडी वरच्या अंगाला होती म्हणून वाचली, असं आपण सगळे म्हणतो. तरी पाणी तिच्या दारांच्या खालच्या कडेच्या वर चढून मगच उतरलं होतं. त्या दिवसांत घराघरातला चिखल उपसायचा होता, भिजलेली कागदपत्रं वाळवायची होती. गाडी धुतली, सुरू झाली, तेवढंच खूप वाटलं. कार्पेट उचलायला कुणाला सवड होती? पुराचं पाणी ओसरतं पण बारीक गाळ मागे ठेवून जातं. तो नमद्याच्या धाग्याधाग्यात बसतो आणि हवेतली ओल धरून ठेवतो. वरून हात फिरवला तर कार्पेट कोरडं ठणठणीत लागतं, खाली पत्रा भिजलेलाच. त्यावर हवा आत न सोडणारं मॅट चिकटवलं की पत्र्याला वाळायची उरलीसुरली वाटही बंद.

तेव्हा पाऊस पूर्ण थांबू दे आणि ऑक्टोबरच्या उन्हात हे काम काढ. आधी बॅटरीची वायर सोडव. मागच्या दिव्यांकडे आणि पेट्रोलच्या टाकीकडे जाणाऱ्या वायरी बऱ्याचदा कार्पेटखालून, कडेकडेने नेलेल्या असतात. जुन्या वायरीचं आवरण कडक झालेलं असतं, ओढाताणीत ते तुटतं. मग पुढची सलग सीट काढ. तिचे बोल्ट गंजून धरले असतील, पान्यावर एकदम जोर लावलास तर डोकं तुटून हातात येईल. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोड, सकाळी पुन्हा सोड, आणि बोल्ट थोडा सैल, थोडा घट्ट असा मागेपुढे करत काढ. दारांच्या उंबऱ्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवू नकोस. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये, 20 वर्षांची मुदत संपून, रस्त्यावरून उतरली. हजारो टॅक्स्या धावत होत्या तेव्हा हे बारीकसारीक सामान कुणीही सहज देत असे. आता एक पट्टी हवी तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुकानं पालथी घालावी लागतील. काढलेला प्रत्येक स्क्रू डबीत ठेव आणि डबीवर तो कुठला ते लिही.

जुनं कार्पेट फाडून काढायचा मोह होईल, पण ते सबंध निघेल तेवढं सबंध काढ. आण्णांनी ते नाना पेठेतून शिवून घेतलं होतं, कंपनीच्या साच्यातलं नव्हे. तुलाही तयार साच्यातलं मिळेल असं धरून चालू नकोस, कापून आणि शिवूनच करावं लागेल. त्यासाठी हे फाटकं कार्पेटच मापाचा कागद आहे. त्याच्या मागे खडूने पुढची बाजू, ड्रायव्हरची बाजू लिहून ठेव. नमदा मात्र हाताळताना नाकाला फडकं बांध. त्यात पुराचा गाळ आहे आणि बुरशीही असणार. तो परत वापरायचा विचारसुद्धा करू नकोस.

आता पत्रा उघडा पडला की कुशनवाल्याला लगेच बोलावू नकोस. आधी पाण्याची वाट शोध. ही परीक्षा दोघांनी करायची. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीने हळू धार सोडायची, खालून सुरुवात करून वर जायचं. आधी दाराची खालची कड, मग दाराचं रबर, मग पुढच्या काचेचा खालचा कोपरा, मग वरचा. एकदम छतावरून पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि आत आलेला थेंब कुठला ते कळत नाही. आत बसलेल्याने घाई करायची नाही. काचेच्या रबरातून शिरलेलं पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं, पायाजवळच्या पत्र्यावरून सरकतं आणि पार सीटखाली जाऊन साचतं. ओल जिथे दिसते तिथे भोक असतंच असं नाही. तळाला रबरी बुचं असतील तीही काढून बघ. रबर वाळून चिरलं की चाकाने उडवलेलं पाणी तिथून वर येतं. बूच दिसायला इवलंसं, पण मी तर आधी त्याच्यावरच संशय घेईन. आणि सिलच्या खालच्या बाजूला पाणी निथळायला बारीक भोकं ठेवलेली असतात, त्यात वाकडी तार घालून गाळ मोकळा कर. पुराचा चिखल आत वाळून बसला असेल तर पावसाचं पाणीही तिथेच अडत असणार.

पत्रा पुरता वाळल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द आवाज करतो, आणि टोक दाबलं तर आत जातं. जिथे टोक आत जातं तिथे रंगाने किंवा फायबरच्या लुकणाने काम भागत नाही. कुजका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा वेल्ड करून बसवायचा. यासाठी डेंटर लागेल, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर इथे कर, कार्पेट हलक्यातलं आण. तळाखालून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या गेलेल्या असतात. वेल्डिंगच्या आधी त्या बाजूला घेतल्या आहेत ना, हे तू स्वतः वाकून बघ. डेंटर कितीही जुना-जाणता असो, बघ. सिल कापावी लागली तर गाडी आधी आधार देऊन सपाट ठेवायला सांग, नाहीतर नंतर दारं नीट लागत नाहीत.

वरवरचा गंज असेल तिथे तारेचा ब्रश, मग गंजावर लावायचं फॉस्फरिक ॲसिडचं द्रावण. ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे पुसून, वाळू देऊन त्यावर प्रायमर, त्यावर रंग. जोडांच्या फटीत सीलंट भर. खालच्या अंगालाही अंडरकोटिंग मार, पण वरचं काम पुरं झाल्यावर. ओल्या गंजावर काळा डांबरी थर फासून देतात तो फसवा प्रकार. आत सगळं चालूच राहतं आणि दिसायचं बंद होतं.

अस्तराबद्दल माझं मत पक्कं आहे. पुन्हा तागाचा किंवा चिंध्यांचा नमदा नको. आवाज तो चांगला दाबतो हे खरं, पण पाणी पितो, आणि तुझी गाडी वर्षातले चार महिने कोकणच्या पावसात जाणार. ज्याच्या आतले फुगे एकमेकांपासून बंद असतात असा फोम मिळतो. तुकडा पाण्यात बुडवून पिळून बघ, पाणी निघालं नाही तर तो घे. तो पत्र्याला सगळीकडे चिकटवू नकोस. दोन वर्षांनी कार्पेटचा कोपरा उचलून पत्रा बघता आला पाहिजे. कार्पेटलाही फक्त उंचवट्यावर आणि उभ्या कडांना गोंद लावायचा. कुशनवाले फेव्हिकॉल एसआर वापरतात, तो चालेल. दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासा झाला की मग दाबायचा. दारं उघडी ठेव आणि जवळपास कुणी काडी ओढू नये. नमुन्याचा एक तुकडा घराबाहेर नेऊन त्यालाही काडी लावून बघ. जो भसकन पेटतो तो गाडीत घालायचा नाही, मग त्याचा रंग कितीही आवडो.

कापणीला उंचवट्यापासून सुरुवात करायची आणि बाहेर यायचं. कडेला चार बोटं जास्त ठेवायची. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला पडली पाहिजे, नाहीतर एकाच थानातलं कापड उन्हात दोन रंगांचं दिसतं. सीटच्या बोल्टांसाठी भोकं पाडताना ड्रिल अजिबात लावू देऊ नकोस. ड्रिलच्या टोकात एक धागा अडकला की तो सरसर उसवत जातो आणि कार्पेटभर सरळ रेघ उठते. सोल्डरिंगचं तापलेलं टोक टेकवायचं. नायलॉनचा धागा वितळून भोकाची कड आपोआप बंद होते. पेडलांपाशी कार्पेट अगदी सपाट बसलं पाहिजे, तिथे सुरकुती राहिली तर ॲक्सिलरेटर अडकेल. आणि टाचेखाली जाड रबराची पट्टी शिवून घे. ती आण्णांच्या जागेवर नको, तुझ्या. तू त्यांच्यापेक्षा उंच आहेस, सीट मागे घेऊन बसतोस, तुझी टाच तिथे टेकत नाही. सीट आधी बसव, गाडीत बस, टाचेच्या जागी खडूची खूण कर आणि मग शिवायला दे.

हे सगळं दिवाळीआधी होणार नाही. होऊ दे उशीर. तोवर गाडी साध्या रबरी मॅटवर फिरव, मॅट रोज संध्याकाळी उचलून ठेव.

डेंटरला पहिल्यांदा दाखवशील तेव्हा मला व्हिडिओ कॉल कर, मला पत्र्याचा आवाज ऐकायचाय. वेल्डिंगचे पैसे मी देणार आहे, दादाला आधीच सांगून ठेवलंय, तेव्हा त्यावरून वाद नको. आणि रंग म्हणशील तर करडा घे. मरूनवर चिपळूणची लाल माती कमी दिसेल हे मान्य, पण करड्यावर ओलीचा डाग लगेच दिसतो.

तुझी,
आत्या