गळाची काठी निवडताना

गळ टाकून बसणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असा आपल्या सुशिक्षित समाजाचा समज आहे. वस्तुतः बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त या क्रीडेसाठी ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण योजले. राजाला जे शोभले, ते आम्हा बऱ्हाणपूर-बहादरपूरच्या तापीकाठच्या मंडळींना कमीपणाचे वाटण्याचे कारण नाही.

काठीचा विषय निघाला की आम्हांस सातपुड्यातील भरीव बांबू आठवतो. याच जातीचा बांबू एकोणिसाव्या शतकात ‘कलकत्ता केन’ या नावाने इंग्लंड-अमेरिकेत जाई. तो चिरून, पट्ट्या सांधून तिकडचे कारागीर उंची काठ्या करीत. पुढे विसाव्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली.

बांबू निदान तीन वर्षांचा असावा. कोवळा सुकताना आकसतो आणि त्यास कीडही लवकर लागते. तो हिवाळ्यात तोडलेला आणि सावलीत वाळवलेला हवा. बुडख्यापासून शेंड्यापर्यंत त्याचे निमुळतेपण एकसारखे असावे. काठी डोळ्यांसमोर धरून नजर लावावी. किंचित बाक असल्यास बुरूड विस्तवावर शेकून तो काढतो. चीर मात्र निघत नाही. मग बुडखा मुठीत धरून झटका द्यावा. शेंडा चटकन स्थिरावला तर काठी उत्तम. थरथरत राहिला तर माशाची चाहूल त्या थरथरीतच हरवते.

बाजारात मिळणाऱ्या कार्बनच्या काठ्या हलक्या व टिकाऊ असतात, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्या आपल्याला काही विचारत नाहीत. घडवून देणारा कारागीर विचारतो. उंच दरडीवरून गळ टाकणार की पाण्यात उतरून? दरडीवरून असेल तर काठी लांब हवी. मासा कोणता? मरळ शेवाळात दडते, तिला ओढून काढण्यास ताठ काठी लागते. रोहू हळुवार टोचतो, त्यासाठी शेंडा लवचीक हवा. महाशीर धारेत मुसंडी मारतो, म्हणून काठी बुडख्यापर्यंत वाकली पाहिजे.

खरी परीक्षा येथेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या तापीचे पाणी प्यालेल्या आमच्या घरांतून या प्रश्नांची उत्तरे आज कितीजण देऊ शकतील? डोह कोठे, उथळ कोठे, कोणत्या पाण्यात कोणता मासा, हे भोई मंडळींना ठाऊक असते. आम्ही नदीस पर्वणीपुरतेच ओळखतो. महाशीर तर इतका विरळ झाला की मध्य प्रदेशास २०११ मध्ये त्यास राज्यमत्स्य ठरवून त्याच्या रक्षणाकडे लक्ष वेधावे लागले. तो गळास लागलाच तर अलगद सोडून द्यावा, आणि १६ जून ते १५ ऑगस्ट हा प्रजननाचा बंदीकाळ कसोशीने पाळावा.

काठी घडवून घ्यायची असेल तर आधी नदीकाठी जावे, भोयांशी बोलावे, मग बुरुडाकडे जावे. प्लॅस्टिकने त्याच्या सुपा-टोपल्यांचे गिऱ्हाईक कधीच नेले आहे. एका काठीने त्याचा संसार चालणार नाही, हे खरे. पण त्याच्या प्रश्नांना उत्तरे देता येतील इतकी तरी तापी आम्हांस पुन्हा परिचयाची होईल.