वहीतले वडील

आमच्या घरी सध्या दोन प्रकारचे टिपण चालते. एक आमचे, कचेरीतले. दुसरे पत्नीचे, बालशिक्षणाच्या वर्गातले. केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकुनी करीत आम्हांस बारा वर्षे झाली, त्यांतील शेवटची पाच भावनगरात. गेल्या जूनमध्ये पत्नीने पूर्वप्राथमिक शिक्षिकेच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात नाव घातले. वय तेहतीस, बरोबरच्या मुली विशीतल्या आणि माध्यम गुजराती. लहान मुलांना खेळवावयास वर्षभर शिकावे लागते, याचे आम्हांस तेव्हा मनातून हसूच आले होते.

वास्तविक या गावात राहून तसे हसू येऊ नये. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. १९१३ साली मुलगा झाला आणि त्याला वाढवावयाचे कसे, या काळजीतून ते माँटेसोरीबाईंच्या विचारापर्यंत पोचले. १९२० मध्ये त्यांनी येथील दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशांची आई, म्हणत. आपल्या ताराबाई मोडक याच गावी येऊन त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे हीच विद्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांच्या अंगणात नेली. महाराष्ट्राने ज्यांचे नाव अभिमानाने घ्यावे, त्यांचे या विद्येतील पहिले धडे गुजरातेत झाले, ही गोष्ट परप्रांती राहणाऱ्या आम्हां मंडळींस जरा सुखावणारी आहे.

आरंभी आमच्याकडे मदतनिसाचे काम आले. पॉलिश पेपरातून अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवावयाची. मूल त्यांवरून दोन बोटे फिरवते आणि लेखणी धरण्यापूर्वीच अक्षराचे वळण हाताला कळते. परंतु गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. आमचा हात देवनागरीचा. 'ग' कापताना वरची रेघ आपोआप येई आणि कागद फुकट जाई. पत्नी काही न बोलता दुसरा कागद पुढे करी. हे न बोलणे तिच्या अंगी नव्याने आले होते, हे आमच्या लक्षात यावयास हवे होते.

पुढे निरीक्षणवही आली. एका बालकाजवळ अर्धा तास बसावयाचे, मध्ये पडावयाचे नाही, आणि जे दिसेल तेवढेच वेळेसह लिहावयाचे. टिपण हा तर आमचा धंदा! पहिला खर्डा आम्हीच सुधारून दिला. 'बालक स्वभावतः अधीर असून त्यास मार्गदर्शनाची आवश्यकता दिसते,' असे झकास वाक्य शेवटी घातले. वही परत आली तेव्हा त्या वाक्याखाली तांबडी रेघ होती आणि बाजूस शिक्षिकेने लिहिले होते, 'आ क्यां देखायुं?' हे दिसले कोठे? बारा वर्षांत आमच्या टिपणास असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

दुसऱ्या निरीक्षणासाठी पत्नीने घरचेच बालक निवडले. आमचे चिरंजीव चार वर्षांचे आहेत. सुताराकडून करवून घेतलेला गुलाबी मनोरा, म्हणजे एकापासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा ठोकळे, त्यांच्यापुढे होता. आम्ही शेजारी वर्तमानपत्र वाचीत होतो, निदान आमची तशी समजूत होती. रात्री शुद्धलेखन पाहावे म्हणून तो मराठी खर्डा हाती घेतला.

'७-०५ : बालक सर्वांत मोठा ठोकळा खाली ठेवतो. ७-०६ : दुसरा उचलतो. वडील म्हणतात, तो नव्हे. ७-०८ : बालक ठोकळा फिरवून पाहतो. वडील म्हणतात, त्याच्याहून मोठा बघ. ७-१० : वडील ठोकळा स्वतः ठेवतात. ७-११ : बालक वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. ७-१३ : वडील म्हणतात, शाबास.' असे पानभर होते. शेवटची नोंद : '७-२१ : बालक उरलेले ठोकळे वडिलांकडे सरकवतो. म्हणतो, बाबा, तुम्हीच करा.'

एकही विशेषण नव्हते. हरकत घ्यावी असे एक अक्षर नव्हते. आठवू लागलो, तर बुटाचे बंद, शर्टाची बटणे, दुधाचा पेला, सगळीकडे हल्ली 'तुम्हीच करा' ऐकू येत होते; आणि आम्ही ते आज्ञाधारकपणा समजून कौतुकाने चारचौघांत सांगत होतो.

"अहो, शेजारच्या मुलाचे लिहू का? हे वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे लागते," ती म्हणाली. कागद सौम्य कसा करावा, हे आम्हांस शिकवावे लागत नाही. 'वडील' या जागी 'घरातील एक व्यक्ती' एवढे केले तरी निभावले असते. रात्री दोनदा उठून पाणी प्यालो. सकाळी आम्ही तिला तेच उतरवावयास सांगितले. तिला अडलेल्या दोन गुजराती क्रियापदांचा अर्थ कचेरीतल्या सहकाऱ्यास विचारून आणला. सहकाऱ्याने कशासाठी असे विचारले, तेव्हा मात्र आम्ही खोटे बोललो.

तिसरे निरीक्षण परवा झाले. हात मांडीखाली दाबून बसलो होतो, हे सांगावयास संकोच वाटतो. चिरंजीवांनी चार सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर सहाचा ठेवला. मनोरा कलला, पडला. त्यांनी आमच्याकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले. मग सगळे ठोकळे भिंतीकडे ओढून नेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. पुढे काय झाले ते आम्हांस दिसले नाही. पत्नी पलीकडून लिहीत होती.

तिच्या त्या दिवसाच्या पानावर आम्ही एकदाच आहो. '७-१८ : वडील खुर्चीत आहेत. चहा निवला आहे.'