तवाजुन, समतोल, इक्विलिब्रियम

आमच्याकडे दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली मुलगी अकरावी सायन्सला गेली, की एका उन्हाळ्यात तिची शिकण्याची भाषा बदलते. मी उर्दू-मराठी शिकवते. तरी संध्याकाळी मुली रसायनशास्त्राची वही घेऊन येतात. त्यांचं घोडं बहुधा रसायनावर अडत नाही, शब्दावर अडतं.

अकरावीच्या पुस्तकात केमिकल इक्विलिब्रियमचा धडा आहे. उर्दूत तवाजुन, मराठीत समतोल. गंमत अशी की तिन्ही शब्दांत तराजू लपलेला आहे. तवाजुन आणि वजन यांचं मूळ एकच. समतोलात तोल आहे. इक्विलिब्रियममधला 'लिब्रा' म्हणजे लॅटिनमधला तराजू. त्यामुळे मुलींना वाटतं, दोन्ही बाजूंचे पदार्थ सारखे झाले आणि क्रिया थांबली. असं दोन्ही नसतं.

मी ईदचं उदाहरण देते. शेजारच्या दोन घरांत मिळून शिरखुर्म्याच्या ४० वाट्या आहेत. तासाला ५ वाट्या इकडून तिकडे जातात, ५ तिकडून इकडे येतात. ये-जा चालूच आहे, पण या घरात कायम ३० आणि त्या घरात १०. सारखा आहे तो वेग, वाट्या नव्हेत. नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ साली अशा विचारातूनच नियम मांडला. आज त्यावरून आपण समतोल स्थिरांक, म्हणजे 'के', काढतो.

हायड्रोजन आणि आयोडीन मिळून हायड्रोजन आयोडाइड होतं. एका रेणूमागे त्याचे दोन रेणू तयार होतात, म्हणून के = आयोडाइडच्या प्रमाणाचा वर्ग भागिले (हायड्रोजन × आयोडीन). साधारण ४५० अंश सेल्सिअसला के ५० च्या आसपास असतो. वर्गमूळ सोपं जावं म्हणून ४९ धरू. बंद भांड्यात दोन्ही वायू १-१ मोल घेतले आणि त्यातले क्ष मोल वापरले गेले, तर आयोडाइड २क्ष आणि उरलेला प्रत्येक वायू १−क्ष. दोन्ही बाजूंचं वर्गमूळ घेतलं की २क्ष ÷ (१−क्ष) = ७. म्हणून क्ष = ७/९, म्हणजे ०.७८. आयोडाइड १.५६ मोल, बाकीचे ०.२२-०.२२. वायू कमीजास्त घेतले तर हे आकडे बदलतील, के बदलणार नाही. तो बदलतो फक्त तापमानाने.

हे निव्वळ परीक्षेपुरतं नाही. आपल्या नगर जिल्ह्यात उसाला युरिया पडतो. युरियासाठी अमोनिया लागतो. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात दोन्ही बनतात. अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापमान वाढवलं की के घटतो. कमी ठेवलं तर क्रिया रखडते. मधला मार्ग म्हणून ४००-५०० अंश, भरपूर दाब आणि लोहाचा उत्प्रेरक. उत्प्रेरक समतोल लवकर आणतो, के ला हात लावत नाही.

एवढं समजलेल्या मुलीला घरचे पहिल्या चाचणीचे गुण पाहून म्हणतात, "बेटा, आर्ट्स घे." माझं त्यांना आणि शिक्षकांना एकच सांगणं आहे. जूनचे पहिले तीन आठवडे गणितं थांबली तरी चालतील. धड्यातले शब्द तिन्ही भाषांत फळ्यावर लिहा आणि मुलींना ते आपल्या भाषेत समजावून सांगायला लावा. मग सायन्स सोडायचं की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या.