चोविसातले सात

माझे थोरले काका वाईला वकील होते. दिवाणी बाजूचे. म्हणजे पेपरात नाव छापून यावं असं काही नाही. बांध, वहिवाटीचा रस्ता, विहिरीच्या पाण्याची पाळी, वाटप, पोटगी, एखाद्दुसरा अपघाताच्या भरपाईचा दावा. मी शाळेसाठी गावाहून त्यांच्याकडे राहायला आले आणि पुढे सनद मिळाल्यावर १९९६ पासून त्यांच्याच हाताखाली ज्युनिअर म्हणून बसू लागले. त्यामुळे मला ते घरातही दिसले आणि कोर्टातही. दोन्हीकडे सारखेच होते असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. कोर्टात त्यांचा आवाज कधी चढला नाही. घरी चष्मा सापडला नाही तरी चढायचा.

घराची पुढची खोली हेच ऑफिस. एका भिंतीला एआयआरचे खंड, दुसऱ्या भिंतीला लाकडी बाक. धोम धरणाच्या मागे, पश्चिम भागात जी गावं आहेत तिथली माणसं सकाळच्या एसटीनं उतरायची ती थेट त्या बाकावर. पिशवीत सातबारा, फेरफाराच्या नकला, कधीची तरी मोजणीची नोटीस, आणि पिशवीच्या तळाशी काकीसाठी नवा तांदूळ नाहीतर भुईमुगाच्या शेंगा. फी किती, हे विचारायला ती माणसं लाजत आणि सांगायला काका.

त्यांचा एक नियम होता. कागद शब्दन् शब्द वाचून दाखवल्याशिवाय ते कोणाची सही किंवा अंगठा घेत नसत. साधं वकीलपत्र असलं तरी. हा नियम सगळ्यात जास्त कामाला यायचा तो हक्कसोडपत्राच्या वेळी. बाप वारतो, वारसनोंद होते, मुलींची नावं सातबाऱ्याला लागतात, आणि थोड्याच दिवसांत भाऊ बहिणीला घेऊन वकिलाकडे येतात. बहिणीच्या अंगावर नवी साडी. साडी आजच घेतलेली असते, घडीच्या रेषा मोडलेल्या नसतात. भाऊ म्हणणार, ‘हक्कसोड करायचीय वकीलसाहेब, ताईची काय हरकत नाही.’ काका म्हणायचे, ‘समोर चहा चांगला मिळतो. दोघं जाऊन या.’

भाऊ गेले की काका सातबारा पुढे ओढत. हेक्टर-आर म्हटलं की समोरच्या माणसाच्या डोळ्यापुढे काही येत नाही, म्हणून आधी त्याचे एकर-गुंठे करत, आणि गुंठेही वावराच्या नावानं सांगत: माळाच्या पट्टीतलं एवढं, विहिरीकडच्या मळ्यातलं एवढं. एकदा एक पन्नाशीची बाई होती, ती हे सगळं ऐकून बराच वेळ गप्प राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग म्हणाली, ‘एवढं हाय व्हय माझं?’ सहीला आलेली बाई, पण कशावर सही करायची हे तिला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. भाऊ चहा पिऊन आले तेव्हा ती म्हणाली, आज नको. भाऊ काकांकडे बघत होते ते अजून आठवतं.

पुढच्या आठवड्यात तिनं अंगठा दिला, दुसऱ्या वकिलाच्या ऑफिसात. स्टॅम्प व्हेंडरकडून मला कळलं आणि मी तावातावानं काकांना सांगायला गेले. ते म्हणाले, ‘दिला तर दिला. आता माहीत असून दिला.’ मला तेव्हा ते फार थंडपणाचं वाटलं होतं. खरं म्हणजे वाचून दाखवल्यावरही बहुतेक जणी सही करतच. पोरीच्या लग्नात मामा उभा राहायला पाहिजे, दिवाळीला माहेरचं दार उघडं पाहिजे, हा हिशेब त्यांना काकांपेक्षा चांगला कळत होता, आणि काका त्यांच्याशी वाद घालत नसत.

आमच्या घरात मात्र त्यांनी घातला. आबा, म्हणजे माझे आजोबा, १९८३ साली वारले. मागे आजी, काका, माझे वडील आणि दोन आत्या. तलाठ्यानं रिवाजाप्रमाणे आत्यांची नावं ‘इतर हक्कात’ टाकली. काकांनी ती दुरुस्त करून घेऊन कब्जेदार सदरी आणली, भावांच्या बरोबरीला. माझे वडील गावी शेती बघत. त्यांना हे आवडलं नव्हतं. बहिणी काही मागत नाहीत, त्यांच्या घरी काही कमी नाही, मग कशाला? काकांचं उत्तर एवढंच, की मागत नाहीत म्हणून नाव पुसायचं असेल तर मी उद्यापासून कोर्टात उभा राहत नाही. आजीही गेल्यावर त्यांनी एका जुन्या फाइलच्या पाठीवर पूर्ण हिशेब मांडून ठेवला होता. दोघा भावांचे तीन-तीन अष्टमांश, प्रत्येक आत्याचा एक. धाकट्या आत्याला पत्र पाठवून कळवलंही. ती पत्र घेऊन घाबरतच वाईला आली होती, दादा वेगळं व्हायला सांगतोय की काय म्हणून.

पोटगीची कामं त्यांच्याकडे खूप असत. मी लागले त्या सुमाराला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिन्याला पाचशेच्या वर पोटगी देताच येत नसे. मंजूर झालेली हातात पडणं आणखी कठीण. नवरा मुंबईला, माथाडी. वसुलीचं वॉरंट मुंबईच्या पोलीस ठाण्याला जायचं आणि ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ हा शेरा घेऊन परत यायचं. त्यात थकलेल्या रकमेसाठी वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो; बारा महिने उलटले की मागचा एकेक महिना बुडत जातो. नवऱ्यांना हे कायद्याच्या पुस्तकाशिवाय बरोबर माहीत असे.

आमच्याकडच्या गावांच्या मुंबईत गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं, भिंतीला ओळीनं पत्र्याच्या ट्रंका, वर दोरीला वळकट्या. रात्रपाळीचे उठले की दिवसपाळीचे झोपणार. काका रात्रीच्या एसटीनं परळला उतरत आणि सरळ त्या खोलीवर जात. एकदा मला बरोबर नेलं होतं. ज्याच्यासाठी गेलो तो तिथंच होता, खाली मान घालून पितळी पुसत बसलेला. काका त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. खोलीतल्या सगळ्यात जुन्या माणसाशी पाऊसपाण्याचं, यात्रेच्या वर्गणीचं बोलले, चहा घेतला, आणि उठता उठता आमच्या पक्षकार मुलीच्या सासऱ्याचं नाव घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘त्यांच्या सुनेचे अकरा महिने थकलेत. बारावा भरायच्या आत बघा.’ बस्स. पुढच्या पगारानंतर मनीऑर्डर आली, आणि अधूनमधून खंड पडत का होईना, येत राहिली.

वकिलीच्या शिष्टाचारात हे कितपत बसतं हे मी आजही छातीठोक सांगणार नाही. विरुद्ध पक्षकाराशी परस्पर बोलू नये हा नियम आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. काका म्हणत, निकाल एकतर्फी झालाय, त्याचा वकीलच नाही, मग परस्पर म्हणजे कोणाच्या परस्पर?

आता, या एसटीच्या तिकिटाचे पैसे कोण देत होतं? टायपिंग, नकला, प्रोसेस फी, बाकावरच्या माणसांचा चहा? काकी. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती एकरेघी वहीत घरखर्च लिहायची: किराणा, दूध, मुलाची फी, माझी फी, आणि त्याखाली न चुकता एक रकाना, ‘यांचे कोर्ट’. बहुतेक महिन्यांत तो आकडा दुधापेक्षा मोठा असे. ती कटकट करत नव्हती, पण लिहायचं सोडतही नव्हती. १९९४ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारनं पोटगी, मिळकतीचे वाद, घटस्फोट अशा कामांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद काकीला झाला. काकांनी ती अधिसूचना घडी करून कोटाच्या खिशात ठेवली होती, कुठे दावा दाखल करताना कोणी फी मागितली की काढून दाखवायला. कोट धुलाईला टाकताना काकी आधी ती काढून ठेवायची. बाकी खिशात काही नसेच.

एका रात्री जेवताना मी काकांना मगदूम खटला विचारला. वाटपाच्या कामात तो पाठच लागतो. मूळ दावा आपल्याच बाजूचा, सांगलीच्या कोर्टात हिराबाई नावाच्या विधवेनं लावलेला. तिला दोन मुलगे, तीन मुली. काकांनी ताटातली भाकरी उचलली आणि तिचे चार चतकोर केले. ‘नवरा मेला त्याच्या आदल्या क्षणाला वाटप झालं असं धरायचं. हा नवऱ्याचा, हा हिराबाईचा, हे दोघा पोरांचे. पोरींना अजून काही नाही.’ मग नवऱ्याचा चतकोर घेऊन त्याचे सहा तुकडे करायला लागले. ज्वारीची भाकरी ती, नीट सहा कुठले होणार, चुरा झाला. ‘हा चतकोर सहा जणांत. बायको, दोन पोरं, तीन पोरी. खालच्या कोर्टानं हिराबाईला एवढा बारका तुकडाच दिला, चोविसावा हिस्सा. हायकोर्ट म्हणालं, तिचा स्वतःचा चतकोर कुठं गेला? तो अधिक हा तुकडा, चोविसातले सात. १९७८ ला सुप्रीम कोर्टात चंद्रचूडांनी तेच कायम केलं.’

काकी आमटी वाढत होती. तिनं विचारलं, ‘म्हणजे नवरा मेल्यावर.’

‘हो.’

‘आणि जिता असताना?’

‘जिता असताना वाटप झालं तर तिलाही पोरांइतका हिस्सा.’

‘वाटप मागायचं कोणी? तिला मागता येतं?’

काका थांबले. ‘नाही. तिला मागता येत नाही.’

‘मग खा आता ती भाकरी,’ असं म्हणून ती आत गेली.

वाईचं ते घर काकांच्या नावावर होतं. कर्ज काकीनं शिक्षकांच्या पतसंस्थेतून काढलेलं आणि हप्तेही तिच्याच पगारातून गेलेले. दुसऱ्याची मिळकत कोणाच्या पैशानं घेतली हे उलटतपासात सहज काढून घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात ते इतकी वर्षं दिसलं नव्हतं. त्या जेवणानंतर दोन-तीन महिन्यांनी त्यांनी घराचं बक्षीसपत्र काकीच्या नावे केलं. मसुदा मी टाइप करून आणला. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात ही गर्दी, आमचा नंबर आला, काकांनी सही करून कागद तिच्यापुढे सरकवला. काकी म्हणाली, ‘आधी वाचून दाखवा.’ मागे रांग उभी. काकांनी चष्मा लावला आणि चतुःसीमेसकट सगळं वाचून दाखवलं, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. मधे एका ठिकाणी तिनं थांबवून गटारीकडची बाजू चुकलीय हे दाखवलं. ती खरंच चुकली होती. कागद पुन्हा टाइप करावा लागला.

काका २०१४ साली गेले. वकील संघानं शोकसभा घेतली, न्यायाधीश बोलले, ज्येष्ठ वकील बोलले. जो तो म्हणत होता, गरिबाकडून कधी फी घेतली नाही. काकी पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. घरी आल्यावर चहा टाकता टाकता मला म्हणाली, ‘फी घेतली नाही काय? माझ्याकडून घेतली की.’ ती रागावली होती असं मला वाटत नाही. नोंद दुरुस्त करत होती. पुढचे काही महिने आम्ही दोघींनी फाइली काढून ज्याचे त्याला मूळ कागद परत केले. काही लोक जुनी फी द्यायला आले. काकीनं ती घेतली, मोजून, आणि वहीत लिहिली. नको-नको केलं नाही. मला ते फार योग्य वाटलं.

११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानं, मुलाइतकाच, आणि २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी बाप हयात असायची गरज नाही. मगदूम खटल्यात धरलेलं वाटप हे खरं वाटप नव्हे, हेही त्यात आलं. आमच्या जमिनीचं सरसनिरस वाटप कधी झालंच नव्हतं, सातबारा आजवर सामाईक. मी काकांच्या त्या फाइलच्या पाठीवरचा हिशेब काढून समोर ठेवला आणि नव्यानं मांडला. आत्यांचा अष्टमांश जाऊन तिथं चतकोर आला. माझ्या वडिलांचा हिस्सा तीन अष्टमांशावरून चतकोरावर उतरला, आणि काकांचाही, म्हणजे आता काकीचा आणि चुलतभावाचा.

वडिलांना मी आधी सांगितलं. त्यांनी आकडे दोनदा करून घेतले. मग विचारलं, ‘बहिणींना कळवलंस?’ अजून नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘मग माझ्याकडं काय वाचत बसलीस.’ काकीला फोन केला तर तिला निकाल टीव्हीवर ऐकून माहीत होता. तिनं भाकरीची आठवण काढली आणि बायकोचं त्यात काही बदललं का विचारलं. नाही बदललं, म्हटलं.

थोरल्या आत्यानं फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिचा पहिला प्रश्न होता, ‘मग मोटारीच्या लाइटबिलाचा पण चौथा हिस्सा आला का माझ्याकडं?’ आला, म्हटलं. ती म्हणाली, मग विहीर माझ्या बाजूला काढायला सांग तुझ्या बापाला. सध्या जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज तहसीलदारांकडे आहे. हिश्शांबद्दल कोणाचा वाद नाही. विहिरीवरून मात्र वडील आणि आत्या दर रविवारी फोनवर भांडतात, आणि दोघंही वकील म्हणून मलाच धरतात.