रॉडोमाँटेड

फुशारकीला इंग्रजीत 'रॉडोमाँटेड' असा एक भारदस्त शब्द आहे. नुसता उच्चारला तरी छाती दोन इंच पुढे येते. बोयार्दो आणि आरिओस्तो या इटालियन कवींच्या काव्यांत रोदोमोंते नावाचा राजा आहे. गडी पराक्रमी खरा, पण तोंडाचा पट्टा तलवारीहून लांब! आरिओस्तोचं काव्य १५१६ साली छापलं गेलं, आणि पुढे बढाईला बिचाऱ्याचं नाव चिकटलं ते कायमचं. आमच्या चंद्रपूरकडे एवढ्या राजेशाही शब्दाची गरज पडत नाही. 'फेकू नको बे' म्हटलं की भागतं.

तरी या शब्दाचा उपयोग पाहायचा असेल तर ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर जावं. जिप्सीतून उतरलेला पाहुणा टपरीवर चहा घेता घेता वाघ सांगत असतो. पहिल्या घोटाला वाघ शंभर फुटांवर असतो. कप रिकामा होईस्तोवर त्याचा श्वास पाहुण्याच्या मानेला लागतो. हा अस्सल रॉडोमाँटेड.

बाजूच्या बाकावर गावातले एखादे काका बसलेले असतात. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला त्यांच्याच घरची माणसं पहाटे जंगलात शिरतात. त्यातली काही परत येत नाहीत. त्यांना विचारा, "काका, वाघ दिसते का जी?"

"दिसते ना जी," म्हणून काका विडी पेटवतात. संपली गोष्ट.

फुशारकीला जिप्सी लागते. पायी जाणाऱ्याला ती परवडत नाही.