आमचे वॉकीटॉकी

मी काहीही विकत घ्यायला गेलो की फसून येतो, असा आमच्या घरातला एक जुना सिद्धांत आहे. त्याच्या पुष्टीसाठी दोन छत्र्या, एक इस्त्री आणि न लिहिणारी तीन पेने कपाटात जपून ठेवली आहेत. त्यामुळे मी एके दिवशी जेवताना ‘दोन वॉकीटॉकी घ्यायचे म्हणतो’ असे जाहीर केले, तेव्हा सौ.ने वाढता वाढता हात थांबवला. चिरंजीव मात्र हसले नाहीत. त्या वस्तूची गरज का पडली, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते.

2024 च्या ऑगस्टात आम्ही दोन गाड्यांनी भंडारदऱ्याला गेलो होतो. मेव्हण्यांची जीप पुढे, तिच्यात आमचे चिरंजीव. मागे एका स्नेह्यांच्या जीपमध्ये आम्ही उभयता. शेंडीला चहा झाला आणि निघताना मी खिडकीतून ओरडून सांगितले, “तलावाच्या कडेकडेने चला!” मराठीचा प्राध्यापक म्हणून मला हे वाक्य निर्दोष वाटले. पण शेंडीहून एक रस्ता रतनवाडीकडे जातो, दुसरा मुरशेत-पांजरेवरून घाटघरकडे. दोन्ही तलावाला वळसा घालतात आणि पलीकडे एकमेकांना मिळतात. ते एकाने गेले, आम्ही दुसऱ्याने.

वाटेत धुके इतके उतरले की जीपचे नाक दिसेना. मोबाइलला रेंज नव्हती. “पुढेच आहेत ना हो ते?” असे सौ. दर दहा मिनिटांनी विचारत होती. पुढे तिने विचारणे सोडून दिले, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. डाव्या हाताला काय आहे, दरी की पाणी, ते कळत नव्हते. दोन तासांनी साम्रदजवळच्या एका वळणावर जीप उभी दिसली. चिरंजीव पावसात रस्त्याच्या मधोमध उभे होते. मी खाली उतरलो. ते एवढेच म्हणाले, “तलावाला दोन कडा असतात, बाबा.” त्या दिवसात ते माझ्याशी आणखी काही बोलले नाहीत. तसे त्या वर्षी ते एकंदरीतच कमी बोलत होते. अकरावीचे वर्ष होते.

तर वॉकीटॉकी. पहिल्या दुकानदाराने पाच वॅटचा काळाकभिन्न संच माझ्या हातात ठेवला आणि पस्तीस किलोमीटरची हमी दिली. तो इतका वजनदार होता की मी घेतलाच असता. पण आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हौशी रेडिओवाले आहेत. सरकारी परीक्षा देऊन त्यांनी परवाना मिळवला आहे. त्यांनी मला वाचवले. “तो संच परवान्याशिवाय वापराल तर गुन्हा होईल,” ते म्हणाले. “आणि पस्तीस किलोमीटर? तुम्ही कळसूबाईवर, मी खाली मैदानात आणि मध्ये काही नसेल, तर थोडेफार खरे.”

तुमच्याआमच्यासाठी सोय आहे ती 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात. 2018 च्या नियमांनी हा पट्टा कमी शक्तीच्या संचांना परवान्यावाचून मोकळा केला. शक्ती फार तर अर्धा वॅट. संचाला सरकारची मान्यता आहे की नाही, तेवढे मात्र विकणाऱ्याला विचारून घ्यावे. आणखी एक धडा त्यांनी दिला. खोक्यावर ‘गुप्त कोड’ म्हणून जे छापतात, त्यात गुप्त काहीच नसते. कोड लावल्याने दुसऱ्यांचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही. आपले मात्र त्यांना खुशाल ऐकू जाते. आमच्या चाळीतल्या पातळ भिंतींची आठवण झाली.

शेवटी मी साधासा जोड घेतला. त्यातली एकच गोष्ट माझ्या अकलेची: तो पेन्सिल सेलवर चालतो. तंबूत वीज नसते, पण पेन्सिल सेल शेंडीच्या टपरीवरही मिळतो.

घरी चाचणी झाली. चिरंजीव पर्वतीवर चढले, मी सिंहगड रस्त्याने चालत निघालो. टेकडी दिसत होती तोवर आवाज शेजारी बसल्यासारखा. एका गल्लीत शिरलो, चार इमारती आड आल्या आणि नुसती खरखर. या लहरी सरळ रेषेत जाणाऱ्या. डोंगराला वळसा घालून त्या येत नाहीत. म्हणून आम्ही ठरवले: आवाज तुटला तर पुढे जायचे नाही, जिथे शेवटचे ऐकू आले तिथे मागे फिरायचे. हा करार मला त्या यंत्राहून मोलाचा वाटतो.

गेल्या डिसेंबरात पुन्हा भंडारदरा. या वेळी वाक्यरचनेनेच दगा दिला. मी पुढच्या जीपला सांगितले, “उजवीकडे वळायचं नाही.” पण शेवटच्या शब्दाआधीच बटण सुटले. पोहोचले ते “उजवीकडे वळायचं”, आणि जीप आज्ञाधारकपणे उजवीकडे वळून एका शेतात शिरली. वीस वर्षे मी मुलांना शिकवत आलो की मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. त्याची किंमत एका शेतकऱ्याच्या बांधापाशी कळली. तेव्हापासून आम्ही नकार आधी उच्चारतो. बटण दाबल्यावर क्षणभर थांबतो, नाहीतर पहिला शब्दही गळतो. बोलणे संपले की चिरंजीव ‘ओव्हर’ म्हणतात. मी ‘पूर्णविराम’ म्हणतो.

त्या रात्री तलावाकाठी तंबू ठोकले. चिरंजीवांचा तंबू मामाबरोबर, पार पलीकडच्या टोकाला. थंडी कडाक्याची. साडेदहाच्या सुमारास उशाशी खरखर झाली.

“बाबा, जागे आहात? ओव्हर.”

“आहे. पूर्णविराम.”

मग बराच वेळ काही नाही. आणि मग एका दमात: “मला सायन्स झेपत नाही बाबा. अकरावीपासून झेपत नाही. तुम्हाला सांगणार होतो, पण घरी मी सुरुवात केली की तुमचं...” तो थांबला. बटण दाबलेलेच होते. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. त्याने बटण धरले होते तोवर मला एक अक्षरही बोलता येत नव्हते. नाहीतर मी केव्हाच बोललो असतो.

“...ओव्हर.”

मी बटण दाबले. क्षणभर थांबलो. मग बोलू लागलो. घाबरू नकोस म्हटले, अजून उशीर झालेला नाही म्हटले, मार्गांविषयी सांगितले, माझ्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण दिले. दुसऱ्या उदाहरणावर आलो, तेव्हा शेजारच्या रजईतून हात आला आणि माझ्या मनगटावर पडला.

“अहो,” सौ. म्हणाली, “बटण सोडा. त्याला काही बोलायचं असेल.”