जुन्या गाडीचा सौदा आणि ओले धान्य

आपल्या घरांत शोरूममधून आलेल्या गाड्यांपेक्षा दुसऱ्याच्या हातून आलेल्या गाड्याच जास्त दिसतात. त्यात कमीपणा काहीच नाही. नवी गाडी म्हटली की बहुतेकांना बँकेचे कर्ज आणि त्यामागोमाग व्याज आलेच. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे, त्यांनी गाठीला असलेल्या पैशांत बसेल ती गाडी शोधायची. आम्हीही तेच केले. जुन्या गाडीच्या व्यवहाराविषयी अनेक जण विचारतात, म्हणून जे पाहिले, शिकलो आणि ठरवले ते इथे लिहीत आहोत.

आमच्याकडे २०१२ सालची एक लहान गाडी होती. अम्मींचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा असते. परतताना त्यांच्या अंगात त्राण नसते. बुटक्या गाडीत वाकून बसणे आणि त्यातून उठणे त्यांना जमेनासे झाले होते. वडाळा रोडवरून रिक्षाने न्यायचे तर व्हीलचेअर ठेवायला जागा नाही. उंच बैठकीची गाडी हवी हे ठरले, आणि हातात होते तीन लाख वीस हजार रुपये. जुनी गाडी डीलरला देऊन त्यात भर घालायची, असा हिशेब होता.

मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने, द्वारकेपासून पाथर्डी फाट्यापर्यंत जुन्या गाड्यांची दुकाने आहेत. तीन रविवार आम्ही ती पालथी घातली. गाड्या एमएच-१५ च्या होत्या, तशा मुंबई-ठाण्याहून आलेल्याही होत्या. सगळ्याच चकचकीत. पण पॉलिशने फक्त पत्रा चमकतो. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी आधीच बजावले होते, "गाडी सकाळी पाहा, इंजिन थंड असताना. डीलरने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या."

त्यांनी शिकवलेल्या खुणा साध्या आहेत. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. प्रत्येक काचेवरही वर्षाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक वेगळी असेल, तर तिथे काहीतरी घडले आहे. दरवाजाच्या बिजागरीचे बोल्ट पाहावेत. त्यांच्यावरचा रंग खरवडला असेल तर दरवाजा काढला गेला आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला तर इंजिनात पाणी शिरत असण्याची शंका धरावी. स्टेपनी उचलून तिच्याखालचा पत्रा आणि सीटखालच्या पट्ट्या बघाव्यात. तिथे चिखल किंवा गंज सापडला तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी कुठवर आले होते, हे नाशिककरांना सांगायला नको.

एका दुकानात लाल रंगाची गाडी आम्हाला फार आवडली. मीटरवर बेचाळीस हजार किलोमीटर. पण ब्रेकच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झालेले होते. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जात असेल तर तिथे सर्व्हिसची नोंद असते. ती काढली तेव्हा तीन वर्षांपूर्वीच गाडी अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर चाललेली निघाली. डीलर मात्र शपथ घेत होता, "भाईजान, अल्लाह की कसम, मीटर असली आहे." शपथेने माल खपतो पण बरकत पुसली जाते, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दुकानात तिचा अर्थ नीट कळला. ज्याच्याकडे सर्व्हिसचा कागद आहे त्याला कसम खावी लागत नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी गाडी ठीक होती, पण कागद मागितले की उत्तर यायचे, "आपण आपसातलेच, कागदाचे काय घेऊन बसलात?" ही ओळख आपल्या समाजात फार महाग पडते. कागद मागणे म्हणजे अविश्वास, असे आपल्याला वाटते. पण कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराहची २८२ वी, देण्याघेण्याचा करार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायलाच सांगते. ती आयत ईमानवाल्यांनाच उद्देशून आहे. तेव्हा आपसातल्या माणसाकडून कागद मागण्यात संकोच कसला?

शेवटी २०१९ ची वॅगनआर पसंत पडली. एकच मालक, मीटर आणि सर्व्हिसची नोंद जुळणारी. डीलरने सीएनजीची गाडीही दाखवली होती. खर्च कमी येतो हे खरे, पण सिलेंडर डिकीतच बसतो आणि मग व्हीलचेअर कुठे ठेवायची? शिवाय त्या सिलेंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते. म्हणून पेट्रोलच घेतली. महामार्गाच्या उड्डाणपुलावर चालवून पाहिली. मग मागच्या सीटवर अम्मींना बसवून पाहिले. त्या कुणाच्याही आधाराशिवाय बसल्या आणि उतरल्या. आमची खरी ट्रायल तीच होती.

आता भाव. डीलरने सांगितले चार लाख पंचवीस हजार. आम्ही म्हटले तीन पंचाहत्तर. काही घरांत घासाघीस करणे हलके समजले जाते. भाव ठरवणे हा खरेदीदाराचा हक्क आहे आणि त्यात गैर काही नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. जाबिर (रजि.) यांच्याकडून उंट विकत घेतला, तो किस्सा बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मोहिमेवरून परतताना जाबिर यांचा उंट थकून मागे पडला होता. प्रेषितांनी त्यांच्याशी रीतसर भाव केला. एक औकिया किंमत ठरली, आणि मदीनेपर्यंत उंटावर जाबिर यांनीच बसायचे अशी अटही ठरली. मदीनेला पोहोचल्यावर प्रेषितांनी वजन थोडे वर ठेवून किंमत चुकती केली आणि उंटही त्यांनाच परत दिला. म्हणजे भाव करावा, अटी बोलून घ्याव्यात, आणि देताना हात मोकळा ठेवावा.

आम्ही गाडीला नावे ठेवली नाहीत, फक्त खर्चाचा हिशेब पुढे ठेवला. चारही टायर मूळचे, म्हणजे लवकरच बदलावे लागणार. बॅटरी जुनी. पुढचे डावे फेंडर रंगवलेले. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. नवी गाडीच स्वस्त झाली तर जुनीचा भाव कालचाच कसा राहील? डीलर म्हणाला, "दिवाळीचा सीझन आहे." मग "जीएसटी वेगळा लागेल" हेही आले. त्याला शांतपणे सांगितले की जुन्या गाडीवर डीलरला जीएसटी लागतो तो त्याच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. तो हसला आणि चहा मागवला. चार पंधरा, चार पाच, असे करत नाव बदलण्याच्या खर्चासह तीन लाख ब्याण्णव हजारांवर सौदा आला. आमची जुनी गाडी त्याने स्वतः द्वारकेपर्यंत चालवून आणली आणि पंच्याण्णव हजार धरतो म्हणाला.

म्हणजे आम्ही द्यायचे दोन लाख सत्त्याण्णव हजार. तेवीस हजार हातात उरणार होते, आणि त्यांतून मुलीच्या शाळेचा हप्ता सुटणार होता.

पण आमच्या गाडीत एक ऐब होता. शहरात ती सुरळीत चालते. मुंबईहून परतताना कसारा घाट चढताना मात्र इंजिन तापते आणि पाणी कमी होते. मिस्त्रींच्या मते हेड गॅस्केट जात आली होती. द्वारकेपर्यंतच्या फेरीत ते कुणालाच कळणार नव्हते. डीलरने विचारलेही नव्हते. तीन रविवार आम्ही दुसऱ्यांच्या गाड्यांची झाकणे उघडून ऐब शोधत फिरलो होतो. आता आमचे झाकण उघडायचे की नाही, हा प्रश्न होता.

आम्ही दोघे दुकानाबाहेर दोन मिनिटे उभे राहिलो. डीलर धंद्यातला माणूस आहे, तपासणे त्याचे काम आहे, हा युक्तिवाद मनात आलाच. शाळेचा हप्ताही आठवला. पण ही गाडी डीलर स्वतः वापरणार नाही. आमच्यासारखेच एखादे कुटुंब ती घेईल, आणि एखाद्या उन्हाळ्यात घाटाच्या वळणावर मुलाबाळांसह बॉनेट उघडून उभे राहील. मदीनेच्या बाजारातला प्रसंग आपल्याला माहीत आहे. प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. मग ते वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, अशी समज प्रेषितांनी दिली आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध तोडला. व्यापाऱ्याने पाऊस पाडला नव्हता. त्याचा दोष इतकाच की ओले खाली आणि कोरडे वर ठेवले.

आत जाऊन आम्ही सांगितले. डीलरने काही क्षण आमच्याकडे पाहिले, आपल्या मिस्त्रीला हाक मारली, झाकण उघडून घेतले. मग म्हणाला, "ऐंशी हजार. त्याच्या वर नाही." एक रुपयाही त्याने सोडला नाही, आणि त्याने सोडावा अशी अपेक्षा धरण्याचा हक्कही आम्हाला नव्हता. पंधरा हजार गेले. घरी येताना मुलगा मागून म्हणाला, "अब्बू, त्यांना कळलंच नसतं ना?" आम्ही म्हटले, "नसतं कळलं." एवढेच. पुढचे तो मोठा झाला की स्वतः जोडेल.

शाळेचा हप्ता आम्ही दोन महिन्यांत विभागून भरला. तंगी झाली, हे खोटे कशाला बोलायचे?

कागदांबाबत मात्र आम्ही काहीच ढिले सोडले नाही. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचा क्रमांक, विमा आणि बँकेचा बोजा पाहिला. आधीच्या मालकाचे कर्ज फिटले होते, पण बोजा उतरलेला नव्हता. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्यावरच पुढे गेलो. ई-चलन बाकी नाही, हे पाहिले. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. पेठ रोडच्या आरटीओतून आमच्या नावाची आरसी येईपर्यंत वीस हजार रोखून धरू, हे पावतीवर लिहून घेतले. बयान्याच्या पावतीवरही लिहिले की कागदांत खोट निघाल्यास रक्कम परत. सगळे पैसे बँकेतून दिले. दोन लाख किंवा जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेणे आयकर कायद्याला चालत नाही. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, तेही लगेच केले.

विकलेल्या गाडीचे कागद तर त्याहून महत्त्वाचे. आरसीवर आपले नाव राहिले आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची परवानगी घ्यावी लागते, आणि अशा डीलरला गाडी दिली की फॉर्म २९-सी ने तशी सूचना देता येते. आम्ही ती पोच घेऊनच चावी दिली. जुन्या विम्यावरचा नो क्लेम बोनस आपलाच असतो. त्याचे पत्र विमा कंपनीकडून मागून घ्यावे.

गाडी घेणाऱ्या भावाबहिणींना आमचे एवढेच सांगणे आहे. घेताना झाकण उघडून बघा, निःसंकोच भाव करा, कागद मागा. आणि आपली वस्तू विकायची वेळ येईल तेव्हा, कुणी विचारो वा न विचारो, ओले धान्य वर ठेवा. अल्लाह आपल्या कमाईत आणि आपल्या सौद्यांत बरकत देवो. आमीन.